केमोच्या काळात काविळीची लस

मुलाला रक्ताचा कर्करोग असल्याचं कळल्यावर पहिल्या आठवड्यात आईबापांच्या डोक्यात काय काय चाललेलं असतं! बोन मॅरोचा रिपोर्ट कधी येणार, महात्मा फुले योजनेची कागदपत्रं पुरी आहेत का, नांदेडहून किंवा रत्नागिरीहून उपचारांसाठी मुंबईत परळला आलोय तर राहायचं कुठे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का. अशा वेळी एखाद्या डॉक्टरांनी 'मुलाचं लसीकरणाचं कार्ड आणलंय का?' असं विचारलं, तर आईला ते जरा विचित्रच वाटतं. इथे जीवावर बेतलंय आणि हे लसीचं काय घेऊन बसले!

पण हा प्रश्न पहिल्याच दिवसाचा आहे. कुणी विचारला नाही, तर तुम्ही आपणहून काढा. बाकीच्या बहुतेक लसींचा विचार उपचार संपल्यावर केला तरी चालतो. हिपॅटायटिस बीचं, म्हणजे सरकारी भाषेतल्या 'कावीळ ब'चं तसं नाही. तिचा हिशोब मुलाला रक्ताची पहिली पिशवी लागायच्या आधी मांडावा लागतो.

या विषाणूचं आणि रक्ताच्या कर्करोगाचं नातं जुनं आहे. 1960च्या दशकात अमेरिकन शास्त्रज्ञ बारूक ब्लुमबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. तेच प्रथिन ल्युकेमियाच्या रुग्णांमध्ये वारंवार दिसायला लागलं, तेव्हा ते कर्करोगाशीच निगडित असावं अशी शंका आली. पुढे उलगडा झाला की ते हिपॅटायटिस बीच्या विषाणूचं बाहेरचं आवरण होतं, आणि या रुग्णांना सारखं रक्त चढवलं जात असल्यामुळे ते त्यांच्यात जास्त आढळत होतं. ब्लुमबर्ग यांना 1976 साली नोबेल मिळालं. त्यांच्या त्या 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'ची चाचणी आज आपल्या तालुक्याच्या लॅबमध्येही होते. रिपोर्टवर ती एचबीएसएजी या नावाने येते.

आपल्याकडे रक्तपेढीतली प्रत्येक पिशवी या चाचणीतून जाते. तो कायदाच आहे. तरी एक फट राहते. रक्तदात्याला नुकतीच लागण झाली असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही. नॅट नावाची अधिक बारीक चाचणी ही फट अरुंद करते, पण पुरती बुजवत नाही, आणि ती सगळ्याच रक्तपेढ्यांत होत नाही. एखाद्याला आयुष्यात एकदा रक्त लागलं तर हा धोका अगदी नगण्य. ल्युकेमियाच्या मुलाला मात्र रक्त आणि प्लेटलेट मिळून कितीतरी पिशव्या लागतात, आणि प्रत्येक पिशवीचा दाता वेगळा. त्यात सुया, सलाईन, मोठ्या शिरेत बसवलेली नळी (सेंट्रल लाइन), पाठीच्या कण्यातली इंजेक्शनं यांची भर.

दुसरी अडचण मुलाच्या शरीराची. धडधाकट मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाला तर कधी काही आठवडे कावीळ राहते, कधी काहीच दिसत नाही, पण बहुतेक वेळा शरीर विषाणूला हुसकून लावतं. जन्मतःच लागण झालेल्या बाळांपैकी सुमारे 90 टक्के मुलांमध्ये मात्र तो कायमचा मुक्काम करतो. केमो घेणाऱ्या मुलाची प्रतिकारशक्ती औषधांनीच दाबलेली असते, त्यामुळे त्याचाही कल या दुसऱ्या बाजूला. वरून काही दिसत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, ताप नाही, मूल नेहमीसारखं खेळतं. फक्त रक्तातलं एसजीपीटी, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण, चढलेलं दिसतं. मेथोट्रेक्सेट आणि मर्कॅप्टोप्युरिन ही ल्युकेमियातली नेहमीची औषधंही एसजीपीटी चढवतात, म्हणून सगळा दोष औषधांवर जातो, डोस कमी केला जातो किंवा थांबवला जातो, आणि विषाणू निवांत राहतो. कर्करोगाचा उपचार लांबला तर त्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

तीन चाचण्या, आणि त्यांची वेळ

सुरुवातीलाच तीन गोष्टी तपासून घ्यायच्या असतात. एचबीएसएजी सांगते की विषाणू आत्ता शरीरात आहे का. अँटी-एचबीसी सांगते की पूर्वी कधी येऊन गेला का. आणि अँटी-एचबीएस हे संरक्षणाचं माप. ते 10 किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण आहे असं धरतात. रिपोर्टवर या आकड्यापुढे एमआययू प्रति मिली असं लिहिलेलं असतं.

हे रक्त पहिली पिशवी चढवण्याआधी काढलेलं उत्तम. पिशवीबरोबर रक्तदात्याच्या अँटिबॉडीही मुलाच्या अंगात येतात. रक्त चढवल्यावर तपासलं तर कधी अँटी-एचबीएस छान भरपूर दिसतं आणि आपण खूश होतो, पण ते उसनं असतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. कधी उलट अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह येऊन सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि तेही दात्याचंच निघतं. इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन दिल्यावरही असाच घोळ होतो. रात्री अपरात्री हिमोग्लोबिन चार असलेलं मूल आलं तर रक्त आधी, हे उघड आहे. पण तेव्हाही पिशवी लावायच्या आधी एक बल्ब रक्त बाजूला काढून ठेवायला काही अडचण नसते. तुम्ही फक्त आठवण करून द्या.

असाच एक गोंधळ लसीचा. हिपॅटायटिस बीची लस म्हणजे त्याच ऑस्ट्रेलिया अँटिजेनचा, यीस्टमध्ये तयार केलेला शुद्ध तुकडा. त्यामुळे लस टोचल्यावर साधारण तीन आठवडे एचबीएसएजी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आधी चाचणी, मग लस, हा क्रम ठेवला तर एका घराची झोप वाचते.

आईवडिलांचीही एचबीएसएजी त्याच वेळी करून घ्या. आईला माहीतही नसतं आणि तिच्याकडून मुलाला जन्मतःच लागण झालेली असते, असं होतं. मुलाची चाचणी खरोखरच पॉझिटिव्ह आली तर लसीचा उपयोग नाही. तेव्हा विषाणूवरचं औषध सुरू करतात, एन्टेकाविर किंवा टेनोफोविर, आणि तेही शक्यतो केमोच्या आधी किंवा केमोबरोबरच. स्टेरॉइड आणि केमोच्या माऱ्याखाली झोपलेला विषाणू उसळतो आणि यकृत निकामी करू शकतो. लिम्फोमाच्या काही मुलांना देतात त्या रिटुक्सिमॅबने हा धोका आणखी वाढतो. विषाणूवरची गोळी केमो संपल्यावरही बरेच महिने चालू ठेवावी लागते. 'आता कॅन्सर बरा झाला, कशाला आणखी औषधं' म्हणून ती मनाने बंद करणं हे मी पाहिलेल्या सगळ्या शहाणपणांपैकी सर्वात महागडं.

कार्डावर काय बघायचं

लसीकरण कार्डावर हिपॅटायटिस बी वेगळी सापडेलच असं नाही. जन्मल्यानंतर 24 तासांच्या आत दिलेला डोस वेगळा लिहिलेला असतो. पुढचे तीन डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना दिलेल्या पेंटाव्हॅलंटमध्ये मिसळलेले असतात. एकाच सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब आणि कावीळ ब. तेव्हा 'पेंटा 1, 2, 3' च्या रकान्यात तारखा असतील तर कावीळ बचे डोस झालेले आहेत.

ही लस देशभरच्या सरकारी कार्यक्रमात आली ती 2011 मध्ये. त्याच्या आधी काही शहरांत आणि जिल्ह्यांत होती. म्हणून 2011पूर्वी जन्मलेलं मूल, मग ते आज मिसरूड फुटलेला मुलगा का असेना, खाजगी दवाखान्यात टोचलं नसेल तर बिनलसीचं असण्याची शक्यता धरून चालावं. हाडाच्या कर्करोगाची बरीच मुलं याच वयाची असतात. घरी जन्मलेल्या, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर फिरत्या कुटुंबातल्या मुलांचे मधले डोस राहून गेलेले असतात. कार्ड हरवलं असेल तर गावच्या उपकेंद्राच्या सिस्टरला किंवा आशाताईंना फोन करा. त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडते, आणि अलीकडच्या बाळांची यू-विन या सरकारी पोर्टलवर. रजिस्टरच्या पानाचा मोबाइलवर आलेला फोटोही चालतो. 'सगळ्या लसी झाल्यात' हे तोंडी उत्तर मात्र नोंद म्हणून धरू नये. आजीच्या दृष्टीने पोलिओचे दोन थेंब पाजले की सगळ्या लसी झालेल्या असतात.

केमो चालू असताना टोचायची का?

इथे पालकांचा सर्वात जास्त गोंधळ होतो, कारण दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या रक्तविकार-कर्करोग शाखेने 2019 मध्ये यावर एकमताने मार्गदर्शन केलं. त्याचा गाभा असा: केमो चालू असताना सर्व मुलांना द्यायची लस एकच, वर्षातून एकदा इन्फ्लुएन्झाची, तीही इंजेक्शनची. हिपॅटायटिस बीची लस या काळात द्यायची ती ज्यांना आधी मिळालेली नाही आणि ज्यांना रक्तातून लागण होण्याचा धोका आहे अशा मुलांना. ज्यांचं लसीकरण पूर्ण झालंय त्यांचा पुढचा डोस उपचार संपल्यावर. काही रुग्णालयं अँटी-एचबीएस कमी आढळलं तर मधेच बूस्टर देतात. तेही चूक नाही. तुमचं मूल जिथे उपचार घेतंय तिथल्या डॉक्टरांचं वेळापत्रक पाळा, गल्लीतल्या दवाखान्याचं नको.

नेहमीचं वेळापत्रक शून्य, एक आणि सहा महिने असं तीन डोसचं. केमो घेणाऱ्या मुलात ते बहुतेक वेळा पुरत नाही. लस अंगात गेल्यावर अँटिबॉडी बनवायचं काम ज्या पेशी करतात, त्यांच्याच जातभाईंवर आपण औषधांचा मारा करत असतो. म्हणून डोस दुप्पट करतात, किंवा एखादा डोस वाढवतात, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासतात. आकडा 10च्या खाली आला म्हणून निराश व्हायचं कारण नाही. उपचार संपल्यावर हीच लस त्याच मुलात व्यवस्थित लागू पडते.

ही लस जिवंत नाही, त्यामुळे तिच्यापासून कावीळ होत नाही, अगदी पांढऱ्या पेशी शून्यावर असल्या तरी. जपायचं ते दुसऱ्या कारणासाठी. ती स्नायूत टोचावी लागते, मोठ्या मुलाला दंडावर, तान्ह्याला मांडीवर. कुल्ल्यावर टोचलेली नीट लागू पडत नाही. प्लेटलेट खूप कमी असताना स्नायूत सुई गेली की आत रक्त साकळतं. म्हणून टोचायच्या दिवशीचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, हातात असू द्या. नर्सने बारीक सुई वापरून नंतर ती जागा काही मिनिटं घट्ट दाबून धरावी, चोळू नये. ताप असेल तर तो दिवस टाळा. आणि लसीसाठी केमोची तारीख कधीही पुढे ढकलायची नाही, उलट लसच केमोच्या सोयीने द्यायची.

'ए'ची लस: खोक्यावरचं नाव वाचा

हिपॅटायटिस ए म्हणजे दूषित पाण्यातून होणारी, आपल्या ओळखीची कावीळ. तिची लस सरकारी कार्यक्रमात नाही. खाजगीत देतात, आणि भारतात ती दोन प्रकारांत मिळते. एक निष्क्रिय विषाणूची, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. दुसरी जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची, एकच डोस. एकाच डोसात काम भागतं म्हणून आणि खर्च कमी म्हणून गावोगावच्या दवाखान्यांत ही दुसरी सर्रास वापरतात. निरोगी मुलाला ती ठीक आहे. केमो घेणाऱ्या मुलाला जिवंत लस चालत नाही.

इथे घोटाळा कसा होतो बघा. मूल केमोच्या देखभालीच्या (मेन्टेनन्स) टप्प्यात गावी आलेलं आहे, शाळेत काविळीची साथ आहे, काकू म्हणते 'याला काविळीची लस देऊन टाकू या'. फॅमिली डॉक्टर फ्रिज उघडतात. 'काविळीची लस' या एका नावाखाली तीन वेगळ्या कुप्या असू शकतात, बी, ए निष्क्रिय, ए जिवंत, आणि त्यातली तिसरी हाताला लागू शकते. म्हणून केमो चालू असताना आणि संपल्यानंतरचे सहा महिने बाहेर कुठेही, कसलीही लस कर्करोगाच्या डॉक्टरांना फोनवर विचारल्याशिवाय टोचू नका. गोवर-रुबेला, कांजिण्या, बीसीजी आणि पोलिओचे तोंडी थेंब यांनाही हाच नियम.

पल्स पोलिओच्या रविवारी बूथवरच्या ताई घरी आल्या की त्यांना स्पष्ट सांगा, आजारी मुलाला थेंब नकोत. घरातल्या धाकट्या भावंडालाही थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन द्यायचं असतं, कारण थेंबांतला जिवंत विषाणू त्याच्या शौचातून बाहेर पडतो. भावंडाच्या बाकीच्या लसी मात्र वेळेवर चालू ठेवा. 'घरात आजारपण आहे, नंतर बघू' म्हणून त्या थांबवल्या तर गोवर घरात यायला वाट मोकळी होते. आई, वडील आणि घरातल्या इतरांनी हिपॅटायटिस बी तपासून, नसेल तर लस घ्यावी. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ही लस भारतात बनवली, तेव्हापासून ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहे. सरकारी कार्यक्रमातली लस तान्ह्या बाळांसाठी असते, त्यामुळे मोठ्या मुलाला आणि पालकांना ती बहुधा विकत घ्यावी लागते.

सुई, वस्तरा आणि काविळीची माळ

लस केमोच्या काळात अर्धवटच साथ देते, म्हणून उरलेलं संरक्षण वागण्यातून मिळवायचं. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही किमान सात दिवस जिवंत राहतो. 2009 मध्ये गुजरातेत मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची मोठी साथ पसरली, कित्येकांचे जीव गेले, आणि त्यामागे एकदा वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरणं होतं. गावी असताना 'अशक्तपणा वाटतोय, एक सलाईन लावून येऊ' हा मोह टाळा. रक्त तपासायला जाल तिथे सुईचं पाकीट डोळ्यांसमोर फोडायला सांगा. मोठ्या रुग्णालयातही सेंट्रल लाइन धुताना प्रत्येक वेळी नवी सिरिंज घेतली जातेय ना, एवढं पाहण्याचा तुम्हाला हक्क आहे. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येत नाही.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. केमोमुळे केस गळायला लागले की ते उशीवर, ताटात पडायला लागतात, आणि वडील मुलाला नाक्यावरच्या सलूनमध्ये नेऊन टक्कल करून आणतात. वस्तऱ्याने डोक्यावर न दिसणारे कितीतरी बारीक काप जातात. घरी ट्रिमर फिरवा. न्हाव्याकडेच जायचं असेल तर ब्लेड नवं, तुमच्या समोर उघडलेलं हवं, पण प्लेटलेट कमी असताना ब्लेडच नको. मुलीचे कान टोचायचे राहिले असतील तर तेही उपचार संपेपर्यंत राहू द्यात. घरात टूथब्रश आणि नेलकटर प्रत्येकाचं वेगळं असावं. मात्र हा विषाणू ताट-वाटीतून, मिठी मारण्याने, शेजारी झोपण्याने पसरत नाही. घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं म्हणून त्याचं पान वेगळं मांडू नका.

इतकं करूनही डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, मूल अन्नावरून उठायला लागलं, तर काविळीची माळ घालायला किंवा नाकात थेंब सोडायला कुणाकडे नेऊ नका. डोक्यावरून उतरणारी ती माळ एरवी निरुपद्रवी असेलही, या मुलाच्या बाबतीत तिच्यात जाणारे दोन-चार दिवस परवडत नाहीत. अंगावर डाग देणं आणि पाल्याचा रस पाजणं तर थेट घातक. भाजलेल्या जागेतून जंतुसंसर्ग होतो, आणि रसातलं काय यकृताला झेपेल हे सांगता येत नाही. वापरलेली सुई चुकून टोचली किंवा दुसऱ्याचं रक्त जखमेला लागलं, तर शक्यतो 24 तासांच्या आत रुग्णालय गाठा. अशा वेळी लसीबरोबर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन देता येतं.

उपचार संपल्यावर

ल्युकेमियाचे उपचार बऱ्याचदा दोन-अडीच वर्षं चालतात. तोपर्यंत बाळपणी घेतलेल्या लसींचं संरक्षण बऱ्याच मुलांत पुसट झालेलं असतं. शेवटच्या केमोनंतर साधारण सहा महिन्यांनी लसींचा हिशोब पुन्हा मांडतात. आधी डोस पूर्ण झाले असतील तर हिपॅटायटिस बीचा एक बूस्टर, नसतील तर पूर्ण डोस, आणि शक्य असेल तर अँटी-एचबीएसची चाचणी. गोवर-रुबेलासारख्या जिवंत लसी याच टप्प्यावर, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर. बोन मॅरो प्रत्यारोपण झालेल्या मुलाला तर नवजात बाळ समजून सगळ्या लसी पहिल्यापासून द्याव्या लागतात.

तोवर मुंबईच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात आणि लसी गावच्या बालरोगतज्ज्ञाकडेच घ्यायच्या असतात. त्यांच्याकडे जाताना डिस्चार्जचा जाडजूड गठ्ठा नेऊ नका, तो कुणी वाचत नाही. कर्करोगाच्या डॉक्टरांकडून एका पानावर लिहून घ्या: आजाराचं नाव, शेवटच्या केमोची तारीख, रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन शेवटचं कधी दिलं, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीएसचे ताजे आकडे, आणि कोणत्या लसी कधी द्यायच्या. शेवटच्या केमोची तारीख ठळक करून घ्या. सहा महिने तिथून मोजायचे असतात, शेवटच्या फॉलोअपपासून नाही.